दोन एस्प्रेसो, वेगवेगळ्या कपांत

एक माणूस कॅफेत बसतो आणि दोन एस्प्रेसो मागवतो. वेटर डबल एस्प्रेसो घेऊन येतो. माणूस शांतपणे तो परत पाठवतो. डबल नको, दोन हवेत. वेगवेगळ्या कपांत. मग कुणीतरी अनोळखी येऊन समोर बसतं आणि स्पॅनिशमध्ये विचारतं की तुला स्पॅनिश येत नाही ना? तो म्हणतो, नाही. (प्रश्न कळल्याशिवाय उत्तर कसं दिलं, हे विचारायचं नाही.) थोड्या गप्पा होतात, म्हणजे समोरचा बोलतो आणि हा ऐकतो. काडेपेट्यांची अदलाबदल होते. नव्या काडेपेटीत एक चिठ्ठी, तिच्यावर काही आकडे-अक्षरं. माणूस ती वाचतो, तोंडात टाकतो आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकतो.

जिम जारमुशचा 'द लिमिट्स ऑफ कंट्रोल' (२००९) हा जवळपास दोन तासांचा सिनेमा म्हणजे साधारण एवढंच. माणूस बदलत नाही, शहरं बदलतात. माद्रिद, मग रेल्वेने सेव्हिया, मग आणखी दक्षिणेला आल्मेरियाचा ओसाड भाग. इझाक द बँकोले या अभिनेत्याने केलेल्या या पात्राला नाव नाही, श्रेयनामावलीत नुसतं 'एकटा माणूस' असं लिहिलंय. बाकीच्यांनाही नावं नाहीत. टिल्डा स्विंटन पांढरा विग आणि छत्री घेऊन येते, जुन्या सिनेमांबद्दल बोलते आणि जाते. जॉन हर्ट गिटार देऊन जातो. कॅमेरा ख्रिस्टोफर डॉयलचा, त्यामुळे प्रत्येक भिंत, प्रत्येक जिना, ट्रेनच्या खिडकीतून पळणारा प्रत्येक डोंगर बघत राहावा असा. पण हा माणूस कोण, कुणासाठी काम करतो, करायचं काय आहे, यातलं काहीही शेवटापर्यंत नीट सांगितलं जात नाही. एखादं स्वप्न पडावं आणि त्यातले नियम आपल्याला माहीत नसावेत, तसं.

लोक वैतागले. रॉजर एबर्टने चारपैकी अर्धा तारा दिला! माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना हा सिनेमा दाखवला त्यांच्यापैकी निम्मे झोपले, बाकीच्यांनी "पुढे काय होतं ते सांग, मी जातो" असं म्हटलं. त्यांना दोष देत नाही. पण त्या काडेपेट्या आणि ते दोन कप माझ्या डोक्यातून जाईनात. हे सगळं जारमुशच्या डोक्यातून आलं, की याला काही मागचा इतिहास आहे? मग शनिवार-रविवार धरून वाचत गेलो, आणि एका भलत्याच ठिकाणी पोचलो. जे पडद्यावर स्वप्नासारखं दिसतं ते एके काळी हजारो लोकांचं रोजचं काम होतं. आणि त्यात चूक झाली तर माणसं मरत होती.

आधी सिनेमाच्या बाजूने मागे जाऊ. जारमुशने आपल्या उसनवाऱ्या कधी लपवल्या नाहीत. त्याचा 'घोस्ट डॉग' (१९९९) हा उघड उघड झाँ-पिएर मेलव्हिलच्या 'ल सामुराई' (१९६७) या फ्रेंच सिनेमाला केलेला सलाम आहे. 'ल सामुराई'मध्ये अलाँ दलाँ भाडोत्री खुनी आहे. करड्या रंगाची खोली, पिंजऱ्यात एक पक्षी, अंगात रेनकोट, डोक्यावर हॅट. पहिली दहाएक मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. सुरुवातीला पडद्यावर सामुराईच्या एकटेपणाबद्दल 'बुशिदो' ग्रंथातलं म्हणून एक अवतरण येतं. ते अवतरण मेलव्हिलने स्वतः रचलेलं होतं. असा दमदार थापाड्या विरळाच. (जारमुश त्या मानाने सज्जन. त्याने 'घोस्ट डॉग'मध्ये 'हागाकुरे' हा खराखुरा जपानी ग्रंथ वापरला.)

न बोलणारा, एकटा, घड्याळासारखा नेमका चालणारा, स्वतःबद्दल काहीही न सांगणारा माणूस. पुढच्या पन्नास वर्षांत हाँगकाँगपासून हॉलिवूडपर्यंत याच्या किती आवृत्त्या निघाल्या त्याची गणती नाही. सगळे म्हणतात मेलव्हिलने हा अमेरिकन गँगस्टर सिनेमांतून उचलला. हॅट आणि रेनकोट तिथलेच, मान्य. पण ते मौन? अमेरिकन गँगस्टर तर भलताच बोलका असतो. मौन दुसरीकडून आलं.

मेलव्हिल हे त्याचं खरं नावच नव्हतं. तो जन्मला झाँ-पिएर ग्रुमबाख म्हणून, १९१७ साली, पॅरिसच्या एका ज्यू कुटुंबात. १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स घेतला, तेव्हा तो भूमिगत चळवळीत गेला. तिथे प्रत्येकाला खोटं नाव लागायचं. याने आपल्या आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराचं, हर्मन मेलव्हिलचं, नाव घेतलं. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण हे नाव राहिलं. म्हणजे ज्या माणसाने सिनेमातला निनावी अनोळखी घडवला, तो स्वतः आयुष्यभर भूमिगताच्या नावाने जगला.

आता ही भूमिगत साखळी कशी चालायची ते बघा. आपल्या लोकांना लगेच कळेल, कारण ती चक्क सिंगली लिंक्ड लिस्ट होती. (आयटीत नसलेल्यांसाठी: खजिन्याच्या शोधाचा खेळ आठवा. प्रत्येक चिठ्ठीत फक्त पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो. एक चिठ्ठी हाती लागली म्हणून सगळा रस्ता कळत नाही.) प्रत्येकाला फक्त पुढचा माणूस माहीत. तोही खोट्या नावाने. कुठे भेटायचं, ओळख कशी पटवायची, काय म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं एवढंच. कॅफेतलं टेबल, हातातलं वर्तमानपत्र, ठरलेलं निरर्थक वाक्य. दोन एस्प्रेसो वेगवेगळ्या कपांत ही या जातीचीच खूण आहे. अपघाताने कुणी तशी ऑर्डर देणार नाही, आणि दिली तरी बघणाऱ्याला त्यात काही वावगं वाटणार नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? छळासाठी. पकडलेला माणूस गेस्टापोसमोर कधी ना कधी बोलेल हे गृहीत धरलेलं होतं. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की एक-दोन दिवस कळ काढ, तेवढ्यात बाकीचे जागा बदलतील. झाँ मुलाँ, ज्याने फ्रान्समधले विखुरलेले गट एकत्र आणले, तो २१ जून १९४३ ला लियाँजवळ पकडला गेला. त्याला सगळ्यांची नावं माहीत होती. तो बोलला नाही, आणि जुलैत त्या छळातच मेला. पण प्रत्येकजण झाँ मुलाँ निघेल असं धरून कुणी सिस्टिम डिझाइन करत नाही. बोलणाऱ्याला कमीत कमी माहीत असावं हेच डिझाइन. आपण ज्याला उगाच गूढ म्हणतो ती खरं तर सुरक्षेची व्यवस्था होती.

आता प्रवास. 'लिमिट्स'मधला माणूस अनोळखी देशात, भाषा येत नसताना, ट्रेनने दक्षिणेला जातो आणि डब्यात कुणाशी बोलत नाही. वाचताना मला 'कोमेट' नावाची साखळी सापडली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो.

ऑगस्ट १९४१. स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत एक बेल्जियन मुलगी येऊन उभी राहिली. नाव आंद्रे द याँग, घरचे-दारचे 'डेडे' म्हणायचे. वय २४. बरोबर एक ब्रिटिश सैनिक आणि दोन बेल्जियन तरुण. म्हणाली, यांना ब्रसेल्सहून आणलंय, ट्रेनने आणि मग पिरेनीज पर्वत पायी ओलांडून. आणखी आणू शकते, पैसे द्या. इंग्रजांचा आधी विश्वासच बसेना, त्यांना ही जर्मनांची हेर वाटली. २४ व्या वर्षी आपल्यातले बहुतेकजण बेंचवर बसून पहिल्या प्रोजेक्टची वाट बघत असतात. असो.

पुढची दीड वर्षं तिने हेच केलं. युरोपवर पाडल्या गेलेल्या विमानांतून पॅराशूटने उतरलेले इंग्रज, कॅनेडियन, अमेरिकन वैमानिक. त्यांना लपवायचं, साधे कपडे द्यायचे, खोटी ओळखपत्रं द्यायची आणि ब्रसेल्सहून पॅरिस, पॅरिसहून फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत ट्रेनने न्यायचं. जर्मन सैनिकांनी भरलेल्या ट्रेनने! या पोरांना फ्रेंच येत नाही. मग? बोलायचंच नाही. वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं, झोपेचं सोंग घ्यायचं, वेळ पडली तर मुका-बहिरा व्हायचं. वाट दाखवणारी मुलगी डब्यात असते पण तिच्याकडे बघायचं नाही. ती उतरली की थोडं अंतर ठेवून उतरायचं. खिशात हात घालून ऐटीत चालायचं नाही, च्युइंगगम चघळायचं नाही, काटा जेवताना अमेरिकन पद्धतीने या हातातून त्या हातात घ्यायचा नाही. असल्या क्षुल्लक गोष्टींवरून माणसं पकडली जायची.

म्हणजे डब्यात बसलेला तो गप्प, दगडी चेहऱ्याचा अनोळखी माणूस गूढ वगैरे काही नव्हता. तो आयोवाचा किंवा यॉर्कशायरचा बावीस वर्षांचा पोरगा होता आणि त्याची प्रचंड तंतरली होती.

पुढे रात्री डोंगर. वाटाड्या फ्लोरेन्तिनो गोइकोएत्क्षेआ, बास्क प्रांतातला स्मगलर, ज्याला तिथल्या अंधाराची दगडा-दगडासकट ओळख होती. मग बिदासोआ नदी, मग सान सेबास्तियान, बिल्बाओ, माद्रिद आणि शेवटी जिब्राल्टर. फ्रँकोचं स्पेन नावाला तटस्थ होतं, पकडलं तर तुरुंगात टाकायचं. इंग्रजांच्या बाजूने हे काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची टोपणनावं होती 'संडे', 'मंडे' आणि 'सॅटर्डे'. माद्रिदच्या दूतावासातला मायकेल क्रेसवेल हा 'मंडे'. या माणसांना मी 'लिमिट्स'च्या श्रेयनामावलीत बसवलं तर कुणाला शंकाही येणार नाही.

सातशेहून जास्त लोकांना या साखळीने मदत केली. किंमत मात्र जबर होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रसेल्समध्ये दोन 'अमेरिकन वैमानिक' मारेशाल नावाच्या कुटुंबाच्या घरी आणले गेले. ते जर्मन होते. परवलीचे शब्द, उलटतपासणीचे प्रश्न हे सगळं का लागतं ते इथे कळतं. त्या एका फसवणुकीतून शंभराच्या आसपास माणसं पकडली गेली. १५ जानेवारी १९४३ ला डेडे स्वतः पकडली गेली, सीमेजवळच्या एका शेतघरात, पुढच्या खेपेच्या तयारीत असताना. इथे त्या लिस्टचा दोष दिसतो. ती एकटी सगळी साखळी ओळखत होती. वडिलांना वाचवायला तिने सांगून टाकलं की या सगळ्याची प्रमुख मीच. जर्मनांचा विश्वासच बसला नाही! एवढीशी पोरगी आणि प्रमुख? तिला रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं, तिथून ती जिवंत परतली, पुढे आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची परिचारिका म्हणून काम केलं आणि २००७ मध्ये वारली. वडील फ्रेडरिक वाचले नाहीत. मार्च १९४४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

आता परत मेलव्हिलकडे, कारण त्याच्या घरातही पिरेनीज आहे. त्याचा मोठा भाऊ जाक ग्रुमबाख, समाजवादी पत्रकार, नोव्हेंबर १९४२ मध्ये स्पेनमध्ये उतरण्यासाठी डोंगर ओलांडत होता. तो पलीकडे पोचलाच नाही. त्याचा सांगाडा १९५० मध्ये सापडला. वाटाड्यानेच त्याला मारलं होतं. वाटाड्याचं म्हणणं असं की पाय दुखावल्यामुळे तो चालू शकत नव्हता, मागे सोडला असता तर पकडला गेला असता आणि मग सगळेच गेले असते. जाकजवळ पैसे होते, हेही खरं. १९५३ मध्ये खटला चालला आणि वाटाड्या निर्दोष सुटला.

ही घटना मेलव्हिलने थेट कधी पडद्यावर आणली नाही. पण एकदा हे वाचलं की त्याचे सिनेमे वेगळे दिसायला लागतात. त्याचा पहिला मोठा सिनेमा 'ल सिलाँस द ला मेर', म्हणजे समुद्राचं मौन (१९४९). १९४२ मध्ये चोरून छापल्या गेलेल्या कथेवरचा. घरात जर्मन अधिकारी राहायला येतो आणि घरातले काका-पुतणी त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत. बस. प्रतिकार म्हणजे न बोलणं. त्याच्याकडे कथेचे हक्कसुद्धा नव्हते. लेखक व्हेर्कोरला (हेही भूमिगत नाव बरं का, खरं नाव झाँ ब्रुलेर) त्याने शब्द दिला की चळवळीतल्या माणसांच्या पंचमंडळाला सिनेमा दाखवीन आणि त्यांनी नापसंत केला तर निगेटिव्ह जाळून टाकीन.

मग वीस वर्षांनी 'आर्मी ऑफ शॅडोज' (१९६९). 'ल सामुराई'च्या दोनच वर्षं नंतरचा. तीच करडी-निळी खोली, तेच हॅट-कोट, तेच मौन. आणि मला वाटतं इथे उलट्या बाजूने उलगडा होतो. 'ल सामुराई'तला खुनी हा युद्ध संपलेला भूमिगत आहे. शिस्त सगळी शिल्लक आहे, कारण मात्र उरलेलं नाही. कुणासाठी गप्प राहायचं तेच उरलं नाही म्हणून तो पैशासाठी गप्प राहतो.

'आर्मी ऑफ शॅडोज' मध्ये कारण आहे, आणि त्यामुळे तो बघवत नाही इतका जड आहे. (पुढे स्पॉयलर आहेत. ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद सोडा.) एका पोराने गद्दारी केलीय, त्याला एका भाड्याच्या घरात आणलंय. पिस्तूल झाडलं तर भिंतीपलीकडे शेजारी ऐकतील, कारण शेजारच्या घरात आदल्या दिवशीच कुणीतरी राहायला आलंय. सुरी नाही. शेवटी टॉवेलने गळा आवळतात. मारणाऱ्यांनी यापूर्वी कधी कुणाला मारलेलं नाही. त्यातला एकजण रडतो. 'लिमिट्स'च्या शेवटीही गळाच आवळला जातो, गिटारच्या तारेने, कडेकोट बंदोबस्तातल्या अमेरिकन माणसाचा (बिल मरे). आवाज नको हे तंत्र तेच. पण जारमुशचा माणूस आत कसा शिरला हे दाखवलेलंच नाही. मरे विचारतो तर तो सांगतो की कल्पनाशक्तीने. टाळ्या वाजवाव्यात असं वाक्य आहे, आणि मला तिथेच सिनेमा हातातून निसटल्यासारखा वाटतो. टॉवेलच्या जागी कल्पनाशक्ती आली की कुणाला रडावं लागत नाही.

आणि माथिल्द. सिमोन सिन्योरेने केलेली ही बाई गटातली सगळ्यात हुशार, सगळ्यात धाडसी. तिच्या पाकिटात मुलीचा फोटो आहे. काढून टाक, असं तिला सांगितलेलं असतं. ती काढत नाही. पकडली जाते, आणि फोटो जर्मनांच्या हातात पडतो. बोलली नाहीस तर मुलीचं काय करू ते ते तिला सांगतात. नंतर ती रस्त्यावर मोकळी फिरताना दिसते, म्हणजे बोलली किंवा बोलणार. तिचेच साथीदार गाडीतून येऊन तिला गोळ्या घालतात. गोळी लागण्याआधी ती त्यांच्याकडे बघते. ती नजर मी इथे लिहू शकत नाही. हे पाहताना मला पिरेनीजमधला तो वाटाड्या आठवला. एकाच्या जगण्याने सगळे धोक्यात येतात म्हणून मारलं, असं तोही म्हणाला होता. मेलव्हिलने त्याला माफ केलं का? सिनेमा उत्तर देत नाही, पण प्रश्न तोच आहे असं मला राहून राहून वाटतं.

१९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतरच्या फ्रान्समध्ये या सिनेमाला द गॉलची आरती म्हणून झोडपलं गेलं. अमेरिकेत तो पहिल्यांदा रीतसर लागला २००६ मध्ये, तब्बल ३७ वर्षांनी, आणि तिथल्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम सिनेमांत बसवलं. मेलव्हिल १९७३ मध्येच गेला होता.

जारमुशने हे सगळं डोक्यात ठेवून काडेपेट्या वापरल्या असं माझं म्हणणं नाही. त्याने आपल्या निर्मिती संस्थेला जॉन बूरमनच्या 'पॉइंट ब्लँक' (१९६७) वरून नाव दिलं आणि सिनेमाचं नाव विल्यम बरोजच्या एका निबंधावरून घेतलं. त्याच्या डोक्यात सिनेमे आणि पुस्तकं होती. पण मेलव्हिलच्या सिनेमातून त्याने जी शिस्त उचलली, तिच्यासोबत जुनी माणसं न सांगता आत आली. 'लिमिट्स'मधली एकच गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते. टिल्डा स्विंटनच्या पात्राला काही माणसं गाडीत कोंबून घेऊन जातात. आपला एकटा माणूस लांबून बघतो. आणि काही करत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, किती थंड माणूस आहे. आता कळतं की नियमच तसा होता. समोरची कडी तुटली तर ओळख दाखवायची नाही, पावलं जलद करायची नाहीत, पुढच्या पत्त्यावर जायचं.

कुणाला पाहायचेच असतील तर माझा क्रम सांगतो. आधी 'आर्मी ऑफ शॅडोज', मग 'ल सामुराई' आणि 'लिमिट्स' सगळ्यात शेवटी, कॉफी पिऊन. 'आर्मी' १४५ मिनिटांचा आहे आणि रविवारी रात्री अजिबात लावू नका, सोमवारच्या स्टँडअपमध्ये तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही.